गोष्ट नेमकी तिथंच अडली पाहिजे जिथून धडा सुरू होतो

सर, तुमचा प्रश्न कालच वाचला होता पण घाईत दोन ओळींत उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून आज रविवारी निवांत बसून लिहितेय. तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीला शिकवता, नोकरीचं दुसरंच वर्ष, ट्रेनिंगमध्ये सांगितलं की सगळ्या विषयांत गोष्टी वापरा, मराठीत ते जमतं पण गणित आणि परिसर अभ्यासात गोष्ट सांगताना पोरं मस्त रमतात अन् तुम्ही फळ्याकडं वळलात की सगळं थंड. वीस मिनिटं गेलेली असतात, पोर्शन मागे पडतोय, मुख्याध्यापक म्हणतात गोष्टींत वेळ घालवू नका, आणि शेवटी विचारलंय की मला गोष्ट सांगता येत नाही हाच प्रॉब्लेम आहे का.

तो प्रॉब्लेम नाही. पोरं रमतात म्हणजे तुम्हाला सांगता येते. अडचण अशी आहे की तुमची गोष्ट एक तुकडा आहे आणि धडा दुसरा तुकडा. गोष्ट संपते, मग धडा सुरू होतो. आणि संपलेली गोष्ट म्हणजे जेवण झालेलं ताट, त्याच्याकडं परत कोणी बघत नाही. पोरांना जे पाहिजे होतं ते मिळालेलं असतं, कावळ्याला पाणी मिळालं, ससा हरला, राजा खूश झाला, आता तुमच्या मिलीलिटरशी त्यांचं काय देणंघेणं.

मी 23 वर्षं प्राथमिकला शिकवतेय, आधी रामटेककडं एका द्विशिक्षकी शाळेत अन् आता नागपूर शहरात, तर जे लिहितेय ते याच वर्गांमधलं आहे. तुमच्याकडं पट किती, दोन वर्ग एकत्र बसतात का, पोरं घरी कोणती भाषा बोलतात, यावर बरंच अवलंबून राहील, ते जिथं जिथं येईल तिथं सांगते.

कावळ्यापासूनच सुरू करते कारण माझी चूक तीच होती. तिसरीला धारकता शिकवायची होती, मी तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सांगितली, अगदी चोच-बिच करून, आणि मग मापं दाखवली, लिटर, अर्धा लिटर, पाव लिटर. दुसऱ्या दिवशी विचारलं काल काय शिकलो, तर अख्खा वर्ग एका सुरात, 'कावळा हुशार असतो!' मापांचं एकालाही सांगता आलं नाही. मला तेव्हा वाटलं पोरांचं लक्ष नव्हतं. लक्ष पूर्ण होतं हो, पण मी जिथं लक्ष नेलं तिथंच ते होतं.

पुढं काही वर्षांनी तीच गोष्ट मी अर्धीच सांगितली. कावळा माठावर बसला, पाणी खाली, चोच पोचत नाही, त्यानं इकडं तिकडं पाहिलं, खडे दिसले, आणि थांबले. पोरं म्हणाली, मॅडम आम्हाला माहीत आहे, खडे टाकतो अन् पाणी वर येते. मी म्हटलं येते का, दाखवा. टेबलावर प्लास्टिकच्या बाटल्या होत्या, वरचा निमुळता भाग कापलेल्या, एकीत पाव भाग पाणी अन् दुसरीत अर्ध्याहून थोडं जास्त, आणि मैदानातून वेचून आणलेले बारीक खडे. पाव भागवाल्या गटानं खडे टाकायला सुरुवात केली, टाकत गेले, टाकत गेले, खडे बाटलीच्या तोंडापर्यंत आले तरी पाणी आपलं खालीच, खड्यांच्या फटीत जाऊन बसलेलं. एक पोरगा कितीतरी वेळ बाटली डोळ्यासमोर धरून पाहत होता, मग म्हणाला, 'मॅडम, याच्यात तं कावळा मेलाच असता.' दुसऱ्या गटाच्या बाटलीत पाणी काठाला आलं होतं.

आता बघा, त्या क्षणी वर्गाला खरंच जाणून घ्यायचं होतं की नेमकं किती पाणी असलं तर कावळा वाचतो. किती, हा शब्द पोरांच्या तोंडून आला. मग मी मापं काढली. खड्यांच्या मधली फट मिळून साधारण बाटलीच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के जागा असते, तितकं तरी पाणी आधीपासून पाहिजे, नाहीतर ते वर येत नाही. टक्के तिसरीला सांगायचे नसतात, पण त्यांनी मापानं ओतून ओतून स्वतः शोधलं की लिटरच्या बाटलीत पाव लिटरनं भागत नाही अन् अर्ध्या लिटरनं भागतं. मिलीलिटर त्या दिवशी गरज म्हणून आलं, पोरांनीच मागितलं.

तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. गोष्ट कुठंतरी अडली पाहिजे आणि ती नेमकी तिथंच अडली पाहिजे जिथं मला आज जे शिकवायचंय त्याच्याशिवाय पुढं जाताच येत नाही. कावळा, राजा, आजी जे कोण असेल ते तिथं उभं राहतं आणि वर्गानं काम केलं की पुढं सरकतं. गोष्ट अशी अडत नसेल तर मी त्या दिवशी गोष्ट सांगतच नाही, सरळ शिकवते, त्यात काही कमीपणा नाही.

हे काही मी शोधलेलं नाही. आपल्या विदर्भातल्याच महानुभाव पंथाचं बघा, त्यांचं तीर्थक्षेत्र रिद्धपूर इथून काही लांब नाही. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींचे दृष्टान्त केसोबासांनी दृष्टान्तपाठ या ग्रंथात लिहून ठेवले, त्यात प्रत्येक ठिकाणी तीन भाग असतात, आधी सूत्र, मग दृष्टान्त म्हणजे गोष्ट, आणि मग दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीची मूळ मुद्द्याशी जोड. हत्ती आणि जन्मांधांची गोष्ट त्यातलीच, कोणाच्या हाताला पाय लागला तर तो म्हणे हत्ती खांबासारखा, कोणाच्या हाताला कान लागला तर सुपासारखा. सातशे वर्षांपूर्वी मराठीत शिकवणाऱ्यांना हे स्पष्ट होतं की नुसती गोष्ट पुरत नाही, जोड लागते. मी फक्त एक फरक करते. तिथं जोड गुरू सांगतात, माझ्या वर्गात ती पोरांनी सांगायची. मी सांगितली तर ती माझीच राहते.

आता गणित, कारण तुमचा खरा अडथळा तिथं दिसतोय. हातच्याची वजाबाकी. आपण लहानपणी 'उसना घेतला' म्हणायचो अन् मीही बरीच वर्षं तसंच शिकवलं, एकदा एका पोरीनं विचारलं, 'मॅडम, उसना घेतला मंग वापस कधी द्याचा?' फार बरोबर प्रश्न आहे हा. उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं, वजाबाकीत कोणीच काही परत देत नाही. म्हणजे शब्दच फसवा होता आणि मी तो तसाच पुढं देत होते.

मग मी काटोलकडची संत्री विकणारी आजी आणली. आजीची रीत अशी की दहा संत्री झाली की जाळीच्या पिशवीत बांधायची, दहा पिशव्या झाल्या की पेटी, आणि टोपलीत सुटी संत्री नऊपेक्षा जास्त कधी ठेवायची नाहीत. बस, एवढीच गोष्ट. बेरजेत सकाळी 27 आली अन् दुपारी 15, सुटी झाली 12, आजी काय करेल? पोरं ओरडतात, पिशवी बांधेल! हातचा शिकवून झाला, मी हातचा शब्द अजून उच्चारलेला नाही. वजाबाकीत टोपलीत 3 सुटी आहेत आणि गिऱ्हाईक म्हणते 8 सुटी दे. आजी काय करेल? इथं थांबायचं, खूप वेळ थांबायचं, उत्तर द्यायची घाई करायची नाही. कोणीतरी म्हणतंच, 'पिशवी फोडा ना.' आमच्या वर्गात तेव्हापासून वजाबाकीच्या त्या कृतीचं नाव 'पिशवी फोडणं' पडलं.

पण खरी परीक्षा शून्याची असते. 304 वजा 126. इथं मोठमोठी पोरं गळतात. एक मुलगी होती, वर्गात जवळजवळ बोलायचीच नाही, ती फळ्यापाशी आली अन् थांबली. मी काही बोलले नाही. ती हळू आवाजात म्हणाली, 'सुटी चार हायेत, सहा पायजेत. पण मॅडम पिशवीच नाही. पेटी फोडा लागते. पेटीतून दहा पिशव्या निघतीन, त्यातली एक फोडा लागते, मंग पिशव्या नऊ राह्यतीन अन् सुटी चौदा.' आणि तिनं 178 लिहिलं. वर्षानुवर्षं मी 'शून्याला शून्य देता येत नाही म्हणून त्यानं शेजाऱ्याकडून घेतलं अन् शेजाऱ्याला दिलं' असं काहीतरी बडबडत आले होते, त्यातलं मधल्या घरात नऊ का उरतात हे त्या पोरीनं एका वाक्यात सांगितलं. यासाठी गोष्ट. आजी गोड आहे म्हणून गोष्ट नाही.

इथंच एक महत्त्वाचं, गोष्ट सोडायची कधी. चार-पाच दिवस झाले, बहुतेकांना जमलं की आजीला मी घरी पाठवते. उदाहरणं नुसत्या अंकांची देते, कुठं अडलं तरच 'आजी काय करेल' विचारते. एका वर्षी मी ते सोडलंच नाही, तर काही पोरं चौथीत गेल्यावरही प्रत्येक गणिताला पिशव्यांची चित्रं काढत बसायची. आधार म्हणून दिलेली काठी काढून घ्यायलाही वेळेवर जमलं पाहिजे. आणि पाढे, सराव, अचूकता यासाठी गोष्ट शोधत बसू नका सर. सराव हा सरावच असतो. गोष्ट नवीन कल्पना पहिल्यांदा भेटते त्या दिवसासाठी.

मापनाला सुद्धा आपल्याकडं छान जागा आहे, तान्हा पोळा. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी बैल घेऊन निघतात हे तुम्हाला सांगायला नको. गोष्ट अशी, आजोबांनी घरी वितीनं माप घेतलं अन् सुताराला निरोप पाठवला दोन वीत लांब बैल कर, चाकाचा पाट घरी तयार आहे, त्यावर बरोबर बसेल. सुतारानं केला दोन वीत. अन् बैल पाटावर बसत नाही. थांबायचं. पोरं आपापली वीत बाकावर लावून बघायला लागतात, माझी वीत लावून बघतात, आणि दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतं सगळ्यांची पट्टी एकसारखी पाहिजे. सेंटिमीटरला यापेक्षा चांगला दरवाजा मला मिळालेला नाही.

परिसर अभ्यासात मला सगळ्यात जास्त आनंद दिलेली गोष्ट नाग नदीची. शाळेबाहेरच्या नालीत चिप्सचं रिकामं पाकीट पडलं, पाऊस आला, पाकीट वाहत निघालं, नाली नाग नदीत. आता पुढं? नकाशा जमिनीवर पसरायचा, मोठा, पोरं भोवती गोल बसलेली, आणि पाकीट म्हणजे एक छोटा कागद, तो नकाशावर सरकवायचा. पहिला थांबा इथंच येतो, कारण मी विचारते पाकीट शेवटी कोणत्या समुद्रात जाईल अन् जवळजवळ सगळी म्हणतात मुंबईच्या. साहजिक आहे, महाराष्ट्राचा समुद्र म्हणजे मुंबई. मग कन्हान, मग वैनगंगा, मग वर्धा येऊन मिळते तिथून प्राणहिता, मग सिरोंचाजवळ गोदावरी आणि थेट बंगालचा उपसागर. प्रत्येक संगमाला पाकीट थांबतं, पोरांनी निळी रेघ कुठं जाते ते बोटानं शोधायचं, मगच ते पुढं. उतार हा शब्द मी सांगत नाही, 'पाणी तिकडंच काहून जाते' असं कोणीतरी विचारतं तेव्हा तो येतो.

एका वर्षी असंच पाकीट वैनगंगेत आलं अन् एक पोरगा उठून उभा राहिला, त्याच्या मामाचं गाव पवनीकडं, म्हणाला, 'मॅडम, पुढं नाही जात. तिथं गोसीखुर्दचं धरण हाये, तिथंच अटकते. मामा म्हणते नागपूरची सगळी घाण आमच्याकडं येते.' वर्ग एकदम शांत झाला. मी हे योजलेलं नव्हतं. मी पाकीट तिथंच राहू दिलं, धरणाच्या निळ्या ठिपक्यावर, समुद्रापर्यंत नेलं नाही त्या दिवशी, आणि उरलेला तास पोरं हेच बोलत होती की आपल्या नालीतलं कोणाच्या पिण्याच्या पाण्यात जातं. प्रदूषणावर मी इतक्या वर्षांत जे काही बोलले असेन त्यातलं काहीच या एका पोराच्या वाक्याच्या जवळ गेलं नव्हतं. समुद्र दुसऱ्या दिवशी गाठला. तुम्ही शाळेजवळची नाली घ्या, तुमच्या गावची नदी घ्या, पोरांच्या मामाची-मावशीची गावं रस्त्यात लागली पाहिजेत एवढं बघा.

इतिहासाचं मात्र मनापासून एक सांगायचंय. इतिहासात खऱ्या माणसांच्या तोंडी स्वतः रचलेली वाक्यं घालू नका. मी हे केलंय. एका थोर नेत्याच्या बालपणाची एक हळवी गोष्ट, फोनवर आलेली, मी वर्गात रंगवून सांगितली. दोन दिवसांनी एका मुलाचे वडील आले, रागावलेले नव्हते, शांतपणे म्हणाले, 'मॅडम, हे कुठं लिहिलेलं आहे, मला वाचायचंय.' माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की ती गोष्ट खरी आहे याचा पुरावा माझ्याकडं नाही, तपासल्याशिवाय मी सांगायला नको होती. तसं सांगणं फार जड गेलं पण सांगितलं ते बरं झालं. न्यूटनचंच घ्या, सफरचंद पडताना पाहून विचार सुरू झाला हे त्यानं स्वतः म्हातारपणी स्टुकली नावाच्या मित्राला सांगितलंय, तो प्रसंग 1726 चा, स्टुकलीनं लिहून ठेवलेला. पण ते डोक्यावर पडलं हे त्यात नाही. ते आपण लोकांनी लावलेलं शेपूट.

मग इतिहासात गोष्ट नकोच का? पाहिजे, पण वेगळी. आपलं नागपूर घ्या, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नाग नदीकाठच्या बारा छोट्या वस्त्या जोडून हे शहर वसवलं असं आपण शिकतो. मी त्या बारापैकी एका वस्तीतली एक मुलगी घेते, जी मी रचलेली आहे, आणि पोरांना तसं सांगते. फळ्यावर दोन खडू असतात, पांढऱ्यानं जे खरं ते, पिवळ्यानं जे आपण रचलं ते. राजा पांढरा, वस्त्या पांढऱ्या, नदी पांढरी, मुलगी पिवळी, तिची बकरी पिवळी. गोष्ट अडते कुठं, तर राजाची माणसं येऊन सांगतात इथून रस्ता जाणार. आता मुलीच्या घरचे काय विचार करतील, कोणाचा फायदा, कोणाचं नुकसान, बाजार आला तर कुंभाराला काय, गुराख्याला काय. पोरं भरपूर बोलतात आणि प्रत्येक उत्तराला पिवळा की पांढरा हे त्यांनीच ठरवायचं. दोन-तीन महिन्यांत अशी सवय लागते की पाठ्यपुस्तकातलं वाक्य वाचूनही विचारतात, मॅडम हा पांढरा खडू आहे ना?

विज्ञानातल्या खऱ्या घटनांना तर रचायची गरजच नसते. चौथी-पाचवीला लसीकरण असेल तर देवीच्या रोगावर लस काढणाऱ्या जेन्नर या इंग्लिश डॉक्टरची घटना सांगून बघा. 14 मे 1796, जेम्स फिप्स नावाचा आठ वर्षांचा पोरगा, माळ्याचा मुलगा. गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव, जो गाईंच्या आजारातून तिला आलेला, तो जेन्नरनं या पोराच्या हाताला चीर देऊन लावला. पोराला थोडा ताप आला, बरा झाला. आता जुलै उजाडला, आणि जेन्नरला त्याच पोराला खऱ्या देवीचा द्रव टोचून बघायचाय. इथं थांबायचं. टोचावा का? आठ वर्षांचा म्हणजे तुमच्याएवढाच की, एवढं मी म्हणते. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, 'त्याच्या आईले विचारलं का?' आणि मग चर्चा अशी चालली की मला धडा शिकवावा लागला नाही, शेवटी फक्त सांगितलं की त्या पोराला देवी झाली नाही. का झाली नाही हे समजून घ्यायला मग सगळे पुढं सरकून बसलेले असतात.

तुमच्या बाकीच्या शंका थोडक्यात घेते. वेळ. माझी गोष्ट थांब्यापर्यंत पाच ते सात मिनिटांच्या वर जात नाही. तुमची वीस जातात कारण तुम्ही शेवटापर्यंत सांगता, आणि बहुतेक वर्णनही करता, हिरवंगार जंगल वगैरे. ते मराठीच्या तासाला करा, तिथं त्याचंच काम आहे. गणिताच्या गोष्टीत माणूस कोण, त्याला काय पाहिजे, अन् काय अडलं, एवढं बास. आठवड्यात माझ्या अशा तीन-चारच गोष्टी होतात, रोज नाही. वजाबाकीला मला नेहमीपेक्षा दोन दिवस जास्त लागले हे खरं, पण दिवाळीनंतर परत पहिल्यापासून शिकवावं लागायचं ते बंद झालं, हा हिशोब मुख्याध्यापकांना दाखवा. त्यांची काळजी चुकीची नाहीये, पोर्शनचं उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, आधी अध्ययन निष्पत्ती म्हणजे पोरांना शेवटी काय यायला पाहिजे ते लिहा, त्याच्याखाली गोष्ट कुठं थांबवणार ते एक वाक्य अन् तिथं विचारायचा प्रश्न. असं लिहिलेलं असलं की शाळा बघायला केंद्रप्रमुख आले तरी त्यांना दिसतं की गोष्टीमागं काय आहे.

आवाज बसका आहे, अभिनय जमत नाही असं लिहिलंय. नका करू अभिनय. माझ्या पाहण्यातल्या सगळ्यात चांगल्या गोष्ट सांगणाऱ्या बाई एका जागी खुर्चीत बसून, पदर नीट करून, साध्या आवाजात सांगायच्या, पण थांबायच्या अशा की श्वास ऐकू यावा. थांबणं शिका. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. पहिले तीन-चार हुशार हात वर येतील त्यांना लगेच घेऊ नका, नाहीतर गोष्ट त्या चौघांचीच होते.

दोन वर्ग एकत्र असतील तर घाबरू नका, उलट सोय आहे. रामटेककडं माझ्याकडं पहिली ते चौथीतले दोन-दोन वर्ग असायचे, आजी एकच, थांबे वेगळे. पहिलीनं सुटी मोजायची, दुसरीनं पिशव्या बांधायच्या, तिसरीनं गिऱ्हाईक सांभाळायचं, चौथीनं पैशाचा हिशोब. एकच गोष्ट सगळ्यांना माहीत असल्यामुळं मोठी पोरं लहानांना आपोआप सांगायची. पण पट चाळीसच्या वर असेल तर बाटल्या-खड्यांसारखी कृती एकट्यानं नीट होत नाही, तिथं समोर एकच बाटली ठेवा अन् आधी सगळ्यांना अंदाज वहीत लिहायला लावा.

भाषेचं एक राहिलं. तिकडं माझ्या वर्गात घरी गोंडी बोलणारी पोरं होती, इथं शहरात छिंदवाडा-शिवनीकडून कामाला आलेल्यांची हिंदी बोलणारी आहेत, आणि बाकीची आपली वऱ्हाडी-नागपुरी. पुस्तकातली कोथिंबीर आपल्या पोरांच्या घरी सांबार असते, नुसत्या त्या एका शब्दाला अडलेली मुलं मी पाहिलीत. थांब्याच्या जागी पोरगं ज्या भाषेत उत्तर देईल त्या भाषेत घ्या, सुधारू नका. त्या पोरीला मी 'हायेत नाही, आहेत म्हण' असं मध्येच म्हटलं असतं तर 178 कधी आलंच नसतं. शुद्ध मराठी मराठीच्या तासाला, प्रेमानं.

जमलं की नाही हे कसं कळणार असं तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला पाहिजे. काल गैरहजर असलेल्या पोराला एखाद्यानं गोष्ट सांगायची, मी बाजूला उभी राहून ऐकते. त्यानं पिशवी फोडल्याचं सांगितलं तर जमलं. आजी, टोपली, गिऱ्हाईक सगळं सांगितलं आणि पिशवीच विसरला तर गोष्ट लक्षात राहिली अन् धडा राहिला नाही, मग दुसऱ्या दिवशी मी वेगळ्या रस्त्यानं जाते. आणि अंक बदलून, गोष्टीचं नावही न काढता दोन उदाहरणं द्यायची. 'मग या गोष्टीतून आपण काय शिकलो' हा प्रश्न तेवढा टाळा, त्याचं उत्तर पोरं तोंडपाठ देतात, खरं बोलावं, एकीनं राहावं, कोणत्याही गोष्टीला चालतं.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की गोष्टीत वर्गातल्या मुलांची नावं घ्यावीत का, त्यांना आवडतं म्हणून. जपून. मी एकदा ज्याला मोजता येत नाही अशा पात्राला वर्गातल्या एका पोराचं नाव दिलं, अगदी सहज, नाव छोटं होतं म्हणून. पुढं कितीतरी दिवस कोणाचं गणित चुकलं की पोरं त्याच्या नावानं हाक मारायची. मी रागावले, समजावलं, माफी मागितली त्याची, पण तो गणिताच्या तासाला हात वर करायचा तो बंदच झाला आणि वर्षअखेरपर्यंत मला तो परत वर करवता आला नाही. तेव्हापासून चुकणाऱ्या, फसणाऱ्या, हरणाऱ्या पात्राला मी नावच देत नाही, आणि बाकीच्यांची नावं पोरं ठरवतात, वर्गात नसलेलीच. यंदाच्या तिसरीनं संत्र्यावाल्या आजीचं नाव गुड्डीआजी ठेवलंय.

सोमवारी वजाबाकी आहे म्हणालात ना, तर काड्या अन् रबरबँड घेऊन जा, पिशव्या त्याच्याच होतील. आणि पोरं नेमकी कुठं अडली ते नक्की कळवा.